कामी आले, परत आला

एकदा एक वृद्ध धर्मगुरू आपल्या शिष्याला घेऊन गावाबाहेरच्या ख्रिस्ती दफनभूमीत गेले. गावात त्यांना सगळे गुरुजीच म्हणत. शिष्य तरी कसला, चाळिशी गाठलेला संसारी माणूस. पण रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे पवित्र शास्त्र शिकायला यायचा, म्हणून शिष्य. त्या दफनभूमीत चिंचेखालचा एक कोपरा सैनिकांसाठी राखलेला आहे. एकाच लढाईत गेलेल्या चार तरुणांचे दगड तिथे ओळीने उभे आहेत आणि चारही दगडांवर तेच शब्द आहेत: ‘युद्धात कामी आले’. पाचवी जागा शिष्याच्या वडिलांची, अप्पांची. तेही त्याच लढाईत होते, पण जिवंत परतले आणि गेल्या वर्षी म्हातारपणाने घरीच वारले.

त्यांच्या दगडावर काय कोरायचं ते आज ठरायचं होतं. पाथरवट छिन्नी घेऊन आधीच येऊन बसला होता. शिष्याचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. तो दोन पावलं पुढे जाई, मागे येई, पुन्हा फाटकाकडे पाही. कुणी ओळखीचं येऊ नये, एवढीच त्याची इच्छा. गावाचं तोंड कोण धरणार? चौघं कामी आले आणि हा एकटा परत आला, हे वाक्य तो लहानपणापासून ऐकत आला होता. पिठाच्या गिरणीवर, शाळेत, अगदी चर्चच्या पायरीवरसुद्धा. भेकड असं कुणी कधी म्हटलं नाही, म्हणायची गरजच पडली नाही. वडिलांनीही कधी उलट उत्तर दिलं नाही, आणि मुलाला खरा राग त्या गप्प राहण्याचाच होता. नुसतं नाव आणि तारखा कोरा, सैनिक हा शब्दही नको, असं त्याने गुरुजींना वाटेतच सांगून टाकलं होतं.

गुरुजींनी पाथरवटाकडून खडू मागून घेतला, गुडघे धरत खाली बसले आणि दगडावर नावाच्या जागेखाली लिहिलं: ‘युद्धावर गेला. परत आला.’

शिष्याच्या अंगाची लाही लाही झाली.

“गुरुजी, गाव निदान तोंडानेच बोलायचं. तुम्ही तर ते दगडावर लिहिलंत.”

गुरुजींनी त्याला शेजारी बसायला सांगितलं. तो बसला नाही.

“बरं, उभ्यानेच ऐक,” ते म्हणाले. “ही पाच पोरं निघाली तेव्हा मी इथे नवाच होतो. पाचही जणांच्या आया माझ्याकडे प्रार्थनेला आल्या. तुझी आजीही आली. माझं पोर कामी येऊ दे, असं एकीनेही मागितलं नाही रे. देवा, त्याला परत आण, एवढंच मागितलं. पाचांपैकी एकीचं मागणं पुरं झालं. उरलेल्या चौघींना बोलायचा हक्क होता, पण त्या नाही बोलल्या. बोलले ते, ज्यांच्या घरातून कुणी गेलंच नव्हतं. त्या चौघी तुझ्या अप्पाला बोलावून घ्यायच्या, जेवू घालायच्या आणि विचारायच्या, माझा शेवटी काय म्हणाला? दर नाताळला तो चारही घरी जाऊन तेच तेच सांगायचा. त्याला ते किती जड जात असेल, याचा विचार कर. परत आला, हा गावाने टोमणा केला. आधी ती तुझ्या आजीची प्रार्थना होती.”

नाताळच्या दुपारी अप्पा घरी नसत, हे शिष्याला ठाऊक होतं. ते कुठे जातात, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि आयुष्यात पहिल्यांदा वडिलांची वाटली नाही.

पाथरवटाने विचारलं, हेच कोरू, की पुसून टाकू? शिष्य दगडासमोर खाली बसला. ‘गेला’चा काना त्याने अंगठ्याने पुसला आणि तिथे मात्रा दिली. मग ‘आला’चंही तसंच ‘आले’ केलं.

“आता कोरा,” तो म्हणाला.

आपल्याही गावात असा एखादा परत आलेला असेल. तो दगडाखाली जायच्या आत त्याच्याजवळ जाऊन बसा.