किल्ल्यांचा जुडगा

डोंगरावरच्या त्या ग्रंथालयात दुपारी धुकं सभासद नसतानाही आत येऊन बसे, आणि संचालक सबनीससाहेबांना पेंग येई. अशाच एका दुपारी रेणुका गोवंडे त्यांच्यापुढे उभी राहिली. वाचनालयांसाठी तिनं केलेलं मुक्त सॉफ्टवेअर उद्या गावोगाव जायचं होतं.

"तीन पॅकेजं करू या, साहेब. मुख्य सर्व्हर एकात, कारभाराची साधनं दुसऱ्यात, पुस्तक शोधायची सोय तिसऱ्यात. ज्याला जे हवं तेवढंच तो बसवील."

"एकच करा. भारदस्त दिसतं."

"वाडीतल्या वाचकाला फक्त पुस्तक शोधायचं असतं. सगळंच दिलं, तर त्याचा जुना संगणक दमेल, आणि सभासदांच्या नोंदी कुणीही पुसेल."

"देताना हात आखडू नये," साहेब म्हणाले. द्यायचं दुसऱ्याचं असलं की ते उदार असत.

रेणुकाला आपलं वर्षाचं काम त्या धुक्यात हळूहळू विरघळताना दिसलं. तेवढ्यात साहेबांनी आठवण होऊन जुडग्यातून एक किल्ली सोडवली.

"आठवडाभर गावाला जातोय. माझ्या घरच्या व्हरांड्यातल्या कुंड्यांना पाणी घाला. ही फाटकाची."

"जुडगाच द्या ना, साहेब. भारदस्त दिसतो."

"कुंड्यांना पाणी घालायला तिजोरीची किल्ली कशाला, बाई?"

"मग वाडीतल्या वाचकालाही फाटकाचीच द्या, साहेब."

साहेबांनी जुडगा खिशात घातला. "तीन करा," ते म्हणाले, आणि कल्पना स्वतःचीच असल्यासारखे समाधानानं पुन्हा पेंगू लागले.