थाळी वाजवायची वेळ

रंगोबा महाराज बोरखेडीच्या नदीकाठच्या मठात राहत असत, त्या काळची ही गोष्ट. त्यांच्या भक्तांत येसू नावाची सुईण होती. गावातली निम्मी लेकरे तिच्याच हातांत जन्मली होती. महाराजांनी तिला एकच व्रत दिले होते. बाळ आले म्हणून उठायचे नाही. बाळाला लगेच अंगावर पाजायला लावायचे आणि बाळंतिणीचे पोट हाताला घट्ट लागेपर्यंत चोळत बसायचे.

गावच्या त्र्यंबकशास्त्री वैद्यांना याचे भारी हसू येई. त्यांना विद्येचा ताठा होता, आणि खरे सांगायचे तर थोडी विद्याही होती. येसू बाळंतिणीच्या पोटावर कणीक मळते, असे ते चारचौघांत म्हणत. ती माउली ऐकून घेई.

एके सकाळी शास्त्रीबुवांची लेक द्वारका माहेरी बाळंत झाली. मुलगा झाला. गावच्या रीतीप्रमाणे बाळ रडताच दारात थाळी वाजली, आणि थाळी वाजली की सुईणीचे काम संपले. तरीही येसू पोट चोळायला बसू लागली, तेव्हा शास्त्रीबुवांनी विटाळाचे निमित्त करून तिच्या पदरात खोबऱ्याची वाटी टाकली आणि तिला वाटेला लावले.

मठ जवळच होता. तिला पाहताच महाराजांनी भजन थांबवले. ते म्हणाले, "येसू, पोट घट्ट झालं का?"

"बघूच दिलं नाही, महाराज."

"मग परत जा. कुणी हाकललं तरी उठू नकोस. मी आहे."

येसू धावत गेली. घरात रडारड चालली होती. द्वारकेचे रक्त थांबत नव्हते, लुगड्यामागून लुगडे भिजत होते. शास्त्रीबुवांनी उगाळलेली मात्रा वाटीतच राहिली, लेकीला गिळवत नव्हते. येसूने बाळ आईच्या छातीशी लावले आणि ती दोन्ही हातांनी पोट चोळू लागली. चोळता चोळता तिचे हात भरून आले, बोटे हलेनात. तिने डोळे मिटून महाराजांना हाक मारली. आणि काय सांगावे! तिच्या हातांवर आणखी दोन हात आले. दिसत कुणी नव्हते, पण ऊब लागत होती. हळूहळू पोट आकसले, रक्त थांबले. द्वारकेने पाणी मागितले.

येसूने त्या दोन हातांचे सांगताच शास्त्रीबुवा तसेच मठात धावले. महाराज मांडीवर घोंगडीची घडी घेऊन बसले होते. भजन सोडून ते ती घडी मळत होते, असे भक्तांनी सांगितले. आता त्यांची बोटे आखडली होती, प्रसादाचा घासही उचलवत नव्हता. शास्त्रीबुवांना सारे उमगले. ते पाया पडू लागले, तसे महाराजांनी पाय मागे घेतले.

"इथं नको. ती अजून तिथंच बसली आहे."

शास्त्रीबुवा घरी आले. उंबऱ्याशी सकाळची थाळी पडली होती, ती त्यांनी उचलली. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी, सगळ्यांदेखत, त्यांनी येसूपुढे डोके टेकले.

"सकाळी मी घाई केली, येसूबाई. आता वाजवू का?"

येसूने पुन्हा एकदा द्वारकेच्या पोटावर हात ठेवला. नीट चाचपून पाहिले.

"आता वाजवा," ती म्हणाली.