बत्तीआजीचा निकाल

“तू जळलीयस! मुकाट्याने भंगारात जा!” मेस्त्रीच्या हातातली बत्तीआजी जुन्या मोटरसायकलच्या, ठिणगी पाडणाऱ्या कॉइलवर कडाडली.

गाड्या किक मारूनच सुरू व्हायच्या, तेव्हाची ही गोष्ट. बत्तीआजी म्हणजे एक बल्ब आणि दोन वायरी. एका वायरीचा चिमटा गाडीच्या अंगाला लावायचा, दुसरी तपासायच्या भागाला टेकवायची. वीज असली की आजी पेटायची. शाळेत न जाता आपण अर्धा तालुका तपासला, हे ती दर पाच मिनिटांनी ऐकवायची. गाडीची बॅटरी चार्ज होत नव्हती, म्हणून सकाळी तिने ती चार्ज करणाऱ्या रेक्टिफायरला मेलेला ठरवलं होतं. आता गाडी सुरूही होईना, म्हणून पाळी कॉइलची.

“आजी, मी जिवंत आहे हो!” कॉइल रडवेली झाली. “एकदा बॅटरीला तरी टेकून बघा.”

आजी फणकाऱ्याने टेकली. ही बॅटरी आजच नवी आणलेली, भरलेली. तरी आजी पेटली नाही. तिने खाली पाहिलं. चिमटा चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, नव्या जाड रंगावर बसला होता. बॅटरीची अर्थिंगची वायर, जिच्यातून सगळी वीज बॅटरीकडे परत जाते, तीही त्याच रंगावर आवळलेली. रंगातून वीज जात नाही, हे आजीच सगळ्यांना शिकवायची.

मेस्त्री पान्हा घेऊन कॉइल काढायला वाकला, तशी आजी म्हणाली, “थांब रे, आधी माझ्या चिमट्याखालचा आणि त्या वायरीखालचा रंग खरवड, सकाळपासून आंधळी मी, आणि मयत जाहीर करतेय दुसऱ्यांना!”