भिंतीपलीकडचा बर्फ

जिथे पाऊस थोडा आणि बर्फ उदंड, अशा एका डोंगरी गावात एक सुतार राहत होता. त्याचं घर रस्त्यापासून बरंच आत होतं. दारापासून फाटकापर्यंत खडी टाकलेली लांब वाट होती. हिवाळ्यात रोज सकाळी ही वाट उकरून काढल्याशिवाय घराबाहेर पडता येत नसे.

सुतार आणि त्याची बायको हे काम मिळून करत. तो दाराकडून सुरुवात करी, ती फाटकाकडून. मध्यावर दोघांची फावडी एकमेकांना लागली की ती म्हणे, "आलात एकदाचे!" मग दोघं चहा प्यायला आत जात.

त्या वर्षी पानगळीत सुताराची बायको तापाने गेली. आणि मग बर्फ पडू लागला.

पहिल्याच सकाळी सुतार दाराबाहेर आला, तर फाटकाकडून फावड्याचा आवाज येत होता. हातातलं फावडं टाकून तो तसाच पुढे धावला. पाहतो तर शेजारची, भिंतीपलीकडच्या घरातली म्हातारी कमरेत वाकून बर्फ उपसत होती.

त्या गावात रीतच तशी होती. ज्याच्या घरी एक हात कमी झाला असेल, त्याच्या वाटेचं एक टोक शेजाऱ्याने धरायचं. त्यासाठी कुणी कुणाला बोलवायचं नाही, की कुणी कुणाचे आभार मानायचे नाहीत.

"मावशी, राहू द्या," सुतार म्हणाला. "तुमची कंबर दुखते."

"कंबर घरी बसूनही दुखते रे बाबा," म्हातारी म्हणाली. "तू तुझ्या टोकाकडं जा."

सुतार गेला. पण फाटकाकडे त्याला बघवेना. म्हातारीचं काही चुकत नव्हतं. ती फार बोलत नव्हती, उगीच डोळेही पुसत नव्हती. फक्त ती त्या जागी उभी होती, एवढंच. रोज सकाळी तो आवाज यायचा आणि रोज क्षणभर सुताराला वाटायचं, की बायकोच आली. मग मान वर केली की म्हातारी दिसायची. असं रोज नव्याने कोसळणं त्याला सोसवेना. पण हे म्हातारीला सांगणार तरी कसं?

शेवटी तो डोंगर उतरून बाजारपेठेत गेला. बर्फ खेचून घेऊन लांब भिरकावणारी यंत्रं तेव्हा नवीनच आली होती. लोक त्यांना 'फेक्या' म्हणत. दुकानात तीन फेके ओळीने मांडले होते.

"वाट फरशीची आहे की खडीची?" दुकानदाराने विचारलं.

"खडीची."

"मग हा धाकटा नको. हा जमिनीला घासून चालतो. बर्फाबरोबर तुमची खडीही उचलून फेकेल आणि पहिल्याच दिवशी खिडकीची काच जाईल. हा मधला घ्या. जमिनीपासून जरा उचलून चालतो. शिवाय याचं तोंड फिरतं. बर्फ डावीकडं टाकायचा की उजवीकडं, ते आपल्या हातात. फक्त पुन्हा पुन्हा थांबून तोंड फिरवावं लागतं."

"थांबावं लागतं?"

"लागतं की. बर्फ कुठं पडतोय ते बघायला नको?"

सुताराने तिसऱ्याकडे बोट दाखवलं. तो थोरला फेक्या बैलाएवढा रुंद होता.

"तो घाटातल्या रस्त्यासाठी," दुकानदार म्हणाला. "ताकद राक्षसासारखी. पण त्याचं तोंड एकाच बाजूला पक्कं बसवलंय. तिकडं दरी असली म्हणजे झालं. तुमच्या वाटेच्या त्या बाजूला काय आहे?"

"भिंत."

"आणि भिंतीपलीकडं?"

सुताराला मनात भिंतीपलीकडचं घर दिसत होतं. दाराकडून फाटकाकडे एका दमात जाणारा तो स्वतःही दिसत होता, आणि फाटकाशी कुणीच नव्हतं.

"हा भिंतीवरून टाकेल ना?" त्याने विचारलं.

"टाकेल."

"मग हाच द्या. बर्फ नजरेआड झाला की झालं."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सुताराने फेक्या सुरू केला. गावातली कुत्री भुंकायला लागली. यंत्र गुरगुरत पुढे निघालं आणि बर्फाची पांढरी कमान भिंतीवरून पलीकडे जाऊ लागली. बघता बघता वाट फाटकापर्यंत मोकळी झाली.

म्हातारी फावडं घेऊन आली, ती मोकळ्या वाटेकडे बघत फाटकातच उभी राहिली.

"झाली सुद्धा?"

"झाली, मावशी. आता तुम्ही येत जाऊ नका."

म्हातारीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली आणि परत गेली.

त्या दिवसापासून फाटकाकडचा आवाज बंद झाला. सुताराला हायसं वाटलं. तो वाट काढायचा, आत यायचा, करवत हातात घ्यायचा, संध्याकाळी भुसा दारापुढच्या वाटेवर झाडून टाकायचा. दिवसभर कुणाशी बोलायची वेळ येत नसे. बर्फाखाली दबलेल्या गावात अशी शांतता असते, की माणूस तिला सुख समजून बसतो.

पुढे मोठं वादळ आलं. बर्फ थांबेचना. सुतार सकाळी, दुपारी, संध्याकाळी फेक्या चालवत राहिला. वादळ सरलं तेव्हा गावातल्या सगळ्या वाटा बुजल्या होत्या. सुताराची तेवढी मोकळी होती.

फाटकावरून मेंढपाळ चालला होता. तो थबकला. "काय रे सुतारा, तुझी शेजारीण आहे कुठं? दूध न्यायला आली नाही."

"असेल घरात."

"घरात असती तर चूल पेटली असती. धुराड्यातून धूर नाही तिच्या."

सुताराने वर पाहिलं. सगळ्या गावावर धुराच्या काड्या उभ्या होत्या. भिंतीपलीकडे आभाळ कोरं होतं.

तो धावत रस्त्याने वळसा घालून गेला. म्हातारीच्या घराची पाठ डोंगराला टेकलेली, दार आणि खिडकी भिंतीकडे. आता दार नव्हतं, खिडकी नव्हती. भिंतीपासून वळचणीपर्यंत बर्फाचा एकच ढीग होता.

"एवढा बर्फ?" मेंढपाळ म्हणाला. "माझ्या अंगणात तर याच्या निम्मासुद्धा नाही."

सुताराने ढिगात हात घातला. पांढऱ्या बर्फात पिवळसर काहीतरी होतं. त्याने ते बोटांवर घेतलं. देवदाराचा भुसा. त्याच्याच अंगणातला, त्याच्याच करवतीखालचा. जिकडे उकरावं तिकडे बर्फ त्या भुशाने माखलेला होता.

मेंढपाळाने तो भुसा पाहिला आणि मग सुताराकडे पाहिलं.

सुतार पळत जाऊन फेक्या घेऊन आला. पण म्हातारीचं फाटक अरुंद होतं. एक माणूस आणि त्याच्या काखेतली मोळी जाईल एवढंच. यंत्र दोन्ही खांबांना अडकलं. सुताराने ढकलून पाहिलं, शिव्या घालून पाहिलं, खांद्याने रेटून पाहिलं.

"सोड ते धूड," मेंढपाळ ओरडला. "फावडं आण!"

दोघं उपसू लागले. वर वर भुसभुशीत होता तो बर्फ खाली दगडासारखा झाला होता. सुताराचे तळवे फुटले, तरी तो थांबला नाही. "मावशी!" म्हणून हाक मारायचा, कान द्यायचा, पुन्हा उपसायचा. आतून उत्तर येत नव्हतं. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं, तेव्हा कुठे फावडं दाराच्या फळीला लागलं.

आत अंधार होता. थंडी बाहेरच्यापेक्षा जास्त होती. म्हातारी घरातली सगळी पांघरुणं अंगावर घेऊन चुलीशी बसली होती. चुलीत राख होती. जळण बाहेर वळचणीला, ढिगाखाली गाडलं गेलं होतं. आत होतं ते एकेक करून जाळून झालं होतं: पाट, परडी, शेवटी फावड्याचा दांडा.

सुताराने तिचे हात हातात घेतले. म्हातारीने डोळे उघडले.

"मावशी, सांगितलं का नाहीत मला? रोज तुमच्या दारात पडत होता, एक शब्द का बोलला नाहीत?"

"तूच म्हणालास, येऊ नका," म्हातारी कशीबशी म्हणाली. "रोजचा तेवढा मी उपसत होते. वादळात नाही झालं. मग सांगायला यायचं तर वाट हवी ना रे. हाका मारल्या. पण तुझं ते यंत्रच बोलत होतं."

मेंढपाळाने दूध गरम केलं. सुताराने म्हातारीला पाठीवर घेतलं आणि आपल्या घरी नेलं. जी खोली त्याने पानगळीपासून उघडली नव्हती ती उघडली, तिथे शेगडी पेटवली, तिला निजवलं. म्हातारी वाचली. पण पायांची बोटं थंडीने गेली ती गेलीच. पुन्हा कधी तिला काठीशिवाय चालता आलं नाही.

ती जरा सावरल्यावर एका संध्याकाळी सुतार तिच्या उशाशी बसला.

"माझ्यामुळं झालं, मावशी," तो म्हणाला. "फाटकाशी दुसरं कुणी उभं राहिलेलं मला बघवत नव्हतं."

"ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं," म्हातारी म्हणाली. "माझा नवरा गेला तेव्हा मीही कुणाला दारात उभं करत नव्हते. तुझ्यावर जे पडलं ते तू पाडलेलं नाहीस. ते वरून आलं. पण तू ते टाकलंस कुठं, एवढं मात्र तुझं."



बर्फ जरा ओसरल्यावर त्याने थोरला फेक्या दुकानात परत केला आणि मधला आणला. दर थोड्या पावलांनी तो थांबे, तोंड फिरवी, बर्फ कुठे पडतो ते बघे. वाट काढायला आता दुप्पट वेळ लागायचा. म्हातारीच्या अरुंद फाटकातूनही हा फेक्या आत जायचा, आणि तिचं घर रिकामं असतानाही सुतार आधी तिकडेच जायचा.

वसंतात म्हातारी आपल्या घरी राहायला गेली. काठी टेकत रस्त्याने वळसा घालून येणं तिला जमेना. तेव्हा सुताराने पहार घेतली आणि दोन घरांमधल्या भिंतीला मधोमध भगदाड पाडलं. तिथे त्याने देवदाराची चौकट बसवली आणि तिला एक लहानसं दार केलं.

दार लावून झालं तेव्हा मेंढपाळ बघायला आला. त्याने दार ढकललं, ओढलं, खालीवर न्याहाळलं.

"काम नेटकं झालंय. पण सुतारा, कडी चुकून तिच्या बाजूला लागली की रे! तुझ्याकडून बंद कसं करणार?"

"चुकून नाही लागली," सुतार म्हणाला आणि हत्यारं गोळा करू लागला.

तात्पर्य: दुःख कुणालाही चुकत नाही, पण ते आपल्या दारातून भिरकावण्याआधी, भिंतीपलीकडे कुणाचं दार आहे ते जाऊन पाहावं.