रामटेके साहेबांची न्याहारी

"...पण ती ज्वारी, ज्वारीच कशावरून?"

भन्ते विमलधम्मांनी समोरच्या चटईकडे हात केला.

रामटेके साहेबांनी आवाज चढवला. "डॉक्टर म्हणतात, सकाळचे पोहे बंद, साबुदाणा बंद, ज्वारीची भाकर खा. ठीक आहे. पण गिरणीवाला त्यात काय मिसळतो, ते कोण बघतं? माझ्याआधी कुणाचे तांदूळ दळले असतील तर?"

"बसा," भन्ते म्हणाले.

"मी बसायला नाही आलो."

"मग उभ्यानं सांगा."

साहेब बसले.

हंसराज रामटेके एकतीस वर्षं अन्न निरीक्षक होते. दुधातलं पाणी, तुरीच्या डाळीतली लाखोळीची स्वस्त डाळ, मिरचीपुडीतला विटेचा भुगा... त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. त्यांची जीप वळणावर दिसली की हलवाई कढईखालचा जाळ ओढून घेत. निवृत्त होऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं, आणि आता नमुना घ्यावा असं काही हाताशी उरलं नव्हतं.

मग तीन आठवड्यांपूर्वी त्यांचाच नमुना घेतला गेला. त्यात साखर निघाली.

साहेबांचा विश्वास बसला नाही. त्यांनी तीन गावांत, तीन वेगवेगळ्या नावांनी रक्त तपासून घेतलं. तिन्ही कागदांवर एकच निदान. त्यावर ते घरी येऊन म्हणाले, "तिघं आपसात मिळालेले दिसतात."

डॉक्टरांच्या खिशाला औषधाच्या कंपनीचं पेन होतं, म्हणून डॉक्टर संशयित. धाकट्या भावानं ओट्स सुचवले, तो पाकिटावरच्या जाहिरातीला भुललेला. मेव्हण्यानं 'बिनसाखरेची' बिस्किटं आणली, ती साहेबांनी भिंग लावून वाचली आणि परत केली.

आणि एका सकाळी बायकोनं केलेली मुगाची उसळ त्यांना गोड लागली.

"गूळ घातलास?"

"कांदा आहे हो. परतला की गोड लागतो."

त्या दिवशी साहेबांनी कपाटातून जुनं पितळी सील काढलं, लाख वितळवली आणि साखरेच्या व गुळाच्या डब्यांना मोहरा लावल्या.

रत्नमालाबाईंनी त्या लाल मोहरांकडे बघितलं. "आता माझ्या हाताला शिक्का मारायचा तेवढा राहिला," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याची न्याहारी करणं सोडलं.

त्याला चार दिवस झाले होते. या चार दिवसांत साहेब सकाळी गोळी घेत आणि वर नुसतं पाणी पीत. उपाशी पोटात भेसळ होत नाही, असा त्यांचा हिशेब होता.

तलावाच्या पाळीवरच्या या छोट्या विहारात ते आले, तेही श्रद्धेनं नाही. भन्तेंना वीस वर्षांपासून साखर आहे आणि तरी ते रोज तलावाला पायी फेरी घालतात, असं त्यांनी ऐकलं होतं. जो माणूस लोक देतील ते खातो, तो साखरेत इतकी वर्षं टिकतो कसा? यात नक्की काहीतरी लपवलेलं होतं. साहेब ते पकडायला आले होते.

"वीस वर्षं झाली म्हणतात तुम्हाला."

"बावीस."

"आणि पात्रात जे पडेल ते घेता."

"घेतो."

"जिलबी आली तर?"

"घेतो."

"खाता?"

"नाही."

"मग घेता कशाला?"

"देणारीचा हात पुढे आलेला असतो."

"म्हणजे तिला फसवता."

"तिच्यासमोरच बाजूला ठेवतो."

उत्तर पटकन आलं. साहेबांनी मनात खूण केली. तयार उत्तर देणारा माणूस त्यांना नेहमीच खटके.

"मला एकच सांगा," ते पुढे सरकून म्हणाले. "सकाळी काय खायचं? एका पदार्थाचं नाव द्या. मी ते माझ्या पद्धतीनं तपासून घेईन."

"आज गोळी घेतली?"

"सात वाजता."

"आता किती वाजले?"

साहेबांनी भिंतीवर बघितलं. सव्वानऊ होत होते.

"मधे काय खाल्लं?"

"पाणी."

"डॉक्टरांनी काही सांगितलं होतं?"

"गोळी घेतली की लगेच खायचं, उपाशी राहायचं नाही. पण तुम्हीच सांगा, भन्ते, जो माणूस गोळी विकतो तोच खाण्याचंही सांगतो, तेव्हा..."

दारात चपला काढल्याचा आवाज आला.

एक साठीची बाई डबा घेऊन आत आली. बुद्धमूर्तीला नमन करून ती भन्तेंकडे वळली, आणि मधेच थांबली.

"रामटेके साहेब ना?"

साहेबांनी आधी डबा पाहिला. मग बाई.

"मी पंचफुला. तुमाले नसन आठवत. बस स्टँडच्या मागं माझं भज्याचं दुकान होतं. तुम्ही बेसनाचा नमुना नेला होता, लाखोळीचं पीठ हाय म्हणून."

साहेबांना आठवेना. असे नमुने त्यांनी हजारांनी नेले होते.

"पंचफुलाबाई," भन्ते म्हणाले, "आज पाहुणा आहे."

बाईनं भन्तेंच्या पात्रात वाढलं. मग एका ताटलीत ज्वारीची एक भाकर, मुगाची मोकळी उसळ आणि वाटीत दही घालून ती ताटली साहेबांसमोर ठेवली.

साहेबांनी हात लावला नाही.

एकतीस वर्षांची सवय त्यांच्या कानाशी लागली होती. या बाईकडे कारण आहे. ज्याच्याकडे कारण असतं त्याच्या हातचं खाऊ नये.

"काय निघाला होता तो नमुना?" त्यांनी विचारलं.

"चांगला निघाला, साहेब. बेसन बेसनच होतं."

"मग दुकान?"

"कागद यायले आठ महिने लागले ना. तोवर सगळ्या गावात झालं, पंचफुलाच्या भज्यात लाखोळी, खाल्ली तर पाय लुळे पडतात. आठ महिने कोण थांबते?"

ती हे सहज बोलली, काल कुणाची गाय व्यायली ते सांगावं तसं. साहेबांना तो सहजपणाच जास्त खुपला. राग दाखवणारा माणूस बरा, तो कुठे उभा आहे ते कळतं.

त्यांनी ताटली दोन बोटं मागे सारली.

भन्ते खाली बघून खात होते. एकेक घास, सावकाश.

साहेबांना उकडायला लागलं. कपाळावर घाम आला, मानेवरून ओघळला. खोली कोंदट आहे, त्यांना वाटलं. मग वाटलं, उदबत्तीचा वास उग्र आहे. मग त्यांची नजर तांब्यावर गेली. आल्या आल्या त्यांनी इथलं पाणी घेतलं होतं...

"पाण्यात काय होतं?"

"पाणी," भन्ते म्हणाले.

साहेबांची बोटं कापत होती. छाती धडधडत होती. त्यांनी पिशवीतून साखर मोजायचं यंत्र काढलं, तेही दोन दुकानं फिरून, दोन यंत्रं ताडून घेतलेलं. बोटाला सुई टोचताना हात दोनदा चुकला. मग आकडा आला.

एक्कावन्न.

"मशीन बिघडली."

"मशीन बरी हाय," पंचफुलाबाई आकडा बघून म्हणाली. "माझ्या मालकालेही व्हायचं असं. गोळी पोटात अन् पोट रिकामं, मंग साखर पार खाली उतरते." ती उठून मागच्या खोलीत गेली. पेल्यात चमचा जोरजोरात फिरल्याचा आवाज आला. ती पेला घेऊन आली.

"काय आहे ते?"

"साखर."

"साखर? मला?"

"तीन चमचे. प्या लवकर."

"बघा, भन्ते!" साहेब ओरडले, पण आवाज फुटकाच निघाला. "ऐकलंत? हिच्या तोंडूनच ऐका. मला साखर झालीय आणि ही मला साखर पाजते!"

भन्तेंनी घास खाली ठेवला.

"तुम्ही आधी घ्या," साहेब म्हणाले. "एक घोट. माझ्यासमोर. मग मी घेतो."

पंचफुलाबाईनं पेला भन्तेंच्या पुढ्यात चटईवर ठेवला. भन्तेंनी तो उचलला. नुसता बघितला. आणि एक थेंबही न घेता परत खाली ठेवला.

साहेबांनी पेल्याकडे बोट केलं.

"का नाही घेतला?"

"मला हे चालत नाही."

"मग मला कसं चालेल? आपल्या दोघांचा रोग एकच आहे!"

"वेळ एक नाही."

भिंती सरकल्यासारख्या झाल्या. खिडकीतून दिसणारा तलाव आडवा झाला, पुन्हा सरळ झाला. साहेबांना भन्तेंचे ओठ हलताना दिसले, पण शब्द लागेनात. तपासायचं, एवढंच डोक्यात घुमत होतं. तपासायचं. पण कशानं? बाटली नाही, लाख नाही, प्रयोगशाळेत पाठवायला वेळ नाही. आठ महिन्यांनी कागद येईल, नमुना शुद्ध होता...

पंचफुलाबाईनं पेला उचलून त्यांच्या तोंडाजवळ धरला.

पेला हिंदकळत होता.

साहेबांना आधी वाटलं, आपलेच डोळे हलताहेत. मग दिसलं, तिचा हात थरथरत होता. तिच्या कपाळावरही घाम होता. भीती वाटत होती त्या बाईला. जन्मभर ते भांड्यात काय आहे तेच बघत आले होते. भांडं धरणारा हात त्यांनी कधी बघितला नव्हता.

"घ्या ना बाप्पा..." ती म्हणाली.

साहेबांनी डोळे मिटले आणि ते प्याले.

बाहेर तलावाच्या काठी कुणीतरी धुणं आपटत होतं. त्याचा ठोका हळूहळू साहेबांच्या छातीतल्या ठोक्याहून वेगळा ऐकू यायला लागला.

पंधरा मिनिटांनी पंचफुलाबाईनंच सांगितलं, "आता परत मोजा."

शहाऐंशी.

"आता जेवा," ती म्हणाली. "नुसत्या साखरेवर राहाल तर पुन्हा खाली जाल. एकच भाकर हाय, दुसरी मागू नका, मी देणार नाही. उसळ जास्त घ्या, दही घ्या. दोन तासांनी मोजा, मग तुमचं तुम्हालेच कळन, काय मानवते अन् काय नाही."

साहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला. उसळीत बुडवला. तोंडात घातला. चावला.

त्यांना काहीतरी बोलायचं होतं. घास गिळून ते म्हणाले, "बाई, तो नमुना... तेव्हा मी..."

"जेवा साहेब. भाकर थंडी झाली की चिवट होते."

ते जेवले. ताटलीत काही उरलं नाही. पंचफुलाबाई डबा घेऊन मागे घासायला गेली.

साहेब तसेच बसून राहिले. उष्टा हात मांडीवर वाळत होता. मग त्यांनी हळूच, जणू एखादा गुन्हा कबूल करावा तसं म्हटलं,

"भन्ते, मी न तपासता खाल्लं."

भन्ते आपलं पात्र धूत होते.

"तिनं काही घातलं असतं तर? तिला मला मारता आलं असतं. काही करायचीही गरज नव्हती. नुसती बसून राहिली असती तरी झालं असतं."

भन्तेंनी पात्रातलं पाणी जास्वंदीच्या मुळाशी ओतलं.

साहेबांचा आवाज आता चढला नाही. "मला काही कळेनासं झालंय. तीन आठवडे मी एकच विचारतोय, आणि कुणी धड उत्तर देत नाही. उद्या सकाळी मी काय खाऊ? आणि कुणाच्या हातचं खाऊ? एवढं तरी सांगा."

भन्तेंनी पात्र उन्हात पालथं घातलं. हात पुसले. साहेबांकडे वळले.

"उद्या तुम्ही रांधा, हंसराजजी... आणि दुसऱ्याला वाढा."