गिलोटिन आणि सुरमई

नगराध्यक्ष भाऊसाहेब वर्दे मुंबईत विधानसभेचं कामकाज बघायला गेले आणि येताना एक शब्द घेऊन आले. मासळी बाजारावर छप्पर घालायचा विषय निघाला, की ते घड्याळ बघून म्हणायचे, "वेळ संपली. गिलोटिन!" विषय तिथेच बारगळायचा आणि कोळणी पुन्हा उन्हात बसायच्या.

तिसऱ्या सभेत नगरसेविका चांगुणाबाई तांडेल उठल्या. बाई स्वतः मासळी विकणाऱ्या. "साहेब, या शब्दाचा अर्थ तेवढा सांगा."

भाऊसाहेब खुलले. "फ्रान्समध्ये मुंडकी उडवायचं यंत्र होतं, त्याचं हे नाव. वेळ संपली की सभागृहात चर्चेचं मुंडकं उडवतात!"

"आणि राहिलेल्या मागण्यांचं काय करतात?"

"त्या चर्चेविना थेट मताला टाकतात," भाऊसाहेब ऐटीत बोलून गेले.

"मग टाका की! आम्हीही रोज सुरमईचं मुंडकं उडवतो, साहेब. म्हणून काही सुरमई कुणी समुद्रात फेकत नाही. ती गिऱ्हाइकाच्या पिशवीतच जाते."

सभागृह खदखदून हसलं आणि भराभर हात वर गेले.

छप्पर झालं. सावलीत कापलेली पहिली सुरमई चांगुणाबाईंनी स्वतः भाऊसाहेबांच्या घरी नेऊन दिली.

"खरंच उपकार झाले, साहेब. तुम्ही तो शब्द आणला नसता, तर आम्ही अजून चर्चाच करत बसलो असतो."