किडनीताईचा दुष्काळ

अनसूया कासारीण बांगड्या घेऊन गावोगाव हिंडायची, तेव्हाची ही गोष्ट. तिच्या छातीतले हृदयदादा थकले आणि किडनीताईकडे रक्त कमी येऊ लागलं. ताईला वाटलं, दुष्काळच पडला! ती पाणी साठवू लागली. कासारणीचे पाय सुजले, चप्पल शिरेना. वाढलेल्या पाण्याच्या ओझ्यानं दादा आणखी खचले, तशी ताईनं घाबरून आणखी साठवण केली.

मग एक चिमुकली गोळी ताईच्या दारात आली. "दुष्काळ नाही हो, ताई. दादा दमलेत. पाणी सोडा."

"अगं, त्यांच्यासाठीच तर साठवलं!" म्हणत ताईनं पाणी सोडलं.

गोळी रोज येत राहिली. आठवड्यात चप्पल पायात बसली, दादांना हायसं वाटलं.

"आता कशाला येतेस?" ताईनं विचारलं.

"तुमची माया फार, ताई. मी नाही आले, तर उद्या पुन्हा साठवाल."